शंभर डॉलरचा कॅटलॉग घ्यावा का?

निपाणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये ते भाच्याकडं कॅलिफोर्नियाला निघालेत. माँटेरेला त्या दिवसांत जुन्या गाड्यांचे मोठे लिलाव असतात, ते त्यांना बघायचेत. पण एका लिलावगृहाच्या प्रवेशाच्या पानावर लिहिलंय, ‘कॅटलॉग घ्या, दोघांना प्रवेश’, आणि किंमत १०० डॉलरच्या आसपास. ‘नुसतं बघायला नऊ हजार रुपये? आपल्याकडं हराजीला उभारायला कोण पैसे मागतंय ओ?’ असं ते विचारतात. जोडीला आणखी दोन प्रश्न आहेत. तिथली एखादी गाडी इकडं आणता येते का? आणि संकेश्वरच्या शेडमध्ये वडिलांची १९६७ ची फियाट उभी आहे, तिचं काय करावं?

बेळगावच्या उद्यमबागेत जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करायचा माझा धंदा आहे. गिऱ्हाइकासाठी लिलावातली गाडी बघून देणं, कागद तपासणं हेही त्यातच आलं. तेव्हा उत्तर जरा लांबणार.

आधी कॅटलॉग, म्हणजे लिलावाला निघणाऱ्या गाड्यांच्या माहितीचं पुस्तक. त्याला पुस्तक समजून किंमत केली तर महागच वाटणार. त्याला तिकीट समजा. दोघं गेलात तर माणशी ५० डॉलर पडतात आणि दोन-चारशे पानांचं जाड, उत्तम छपाईचं पुस्तक घरी येतं. भाच्याला बरोबर नेणार असाल तर घ्या. एकटेच जाणार असाल आणि पुस्तकाचा सोस नसेल, तर त्याच पानावर खाली साधं प्रवेशतिकीट दिलंय का ते बघा. काही लिलावगृहं ते कॅटलॉगच्या निम्म्याहून कमी दरात देतात. हे दर आणि नियम दरवर्षी हलतात, म्हणून गेल्या वर्षी कुणी काय दिलं यावर जाऊ नका.

पैसे भरण्याआधी एकच गोष्ट नीट वाचायची: तो कॅटलॉग तुम्हाला कुठपर्यंत आत नेतो? लिलावाला तीन दारं असतात. पहिलं दार गाड्या बघण्याचं. लिलावाच्या आधीचे एक-दोन दिवस गाड्या मांडून ठेवतात. दुसरं दार प्रत्यक्ष लिलावाच्या मंडपाचं. तिसरं बोली लावण्याचं. कॅटलॉगवाल्या लिलावगृहांत पहिली दोन दारं बहुधा एकाच पैशात उघडतात. गुडिंग आणि बोनहॅम्स या लिलावगृहांची जुनी रीत हीच. गुडिंगला २०२४ मध्ये क्रिस्टीजनं विकत घेतलं, त्यामुळं पाटी आता गुडिंग-क्रिस्टीज अशी दिसेल; गोंधळू नका. आरएम सदबीजचं गणित वेगळं आहे. माँटेरेच्या त्यांच्या लिलावाच्या मंडपात नोंदणी केलेले बोलीदार, गाडी विकायला आणलेले मालक आणि पत्रकार एवढ्यांनाच सोडतात. बघ्यांना फक्त मांडणीच्या वेळेत. तिथं लिलावाच्या रात्री दारात जाऊन ‘कॅटलॉग घेतो की’ म्हटलं तरी उपयोग नाही. मीकम आणि बॅरेट-जॅक्सन यांच्याकडं तर कॅटलॉगचा प्रश्नच येत नाही. तो जत्रेसारखा कारभार आहे: दिवसाचं तिकीट काढा, आत जा, खा-प्या, शेकडो गाड्या एकामागून एक सुटताना बघा. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला तिथं मजा जास्त येते. गाडी बारकाईनं बघायची असेल तर मात्र कॅटलॉगवाल्या घराचं शांत वातावरण बरं.

आणि काही लिलावांत कितीही पैसे देऊन आत जाता येत नाही. मे २०२२ मध्ये १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३.५ कोटी युरोला विकली गेली. लिलावात विकल्या गेलेल्या गाड्यांत ती सर्वांत महाग. तो लिलाव स्टुटगार्टला मर्सिडीजच्या संग्रहालयात झाला, निवडक संग्राहकांना आमंत्रण देऊन. दुनियेला बातमी नंतर कळली.

बोली लावणार असाल तर कॅटलॉग वेगळा विकत घेऊ नका. बोलीदाराच्या नोंदणीचं शुल्क साधारण दोनशे-तीनशे डॉलर असतं, आणि त्यात बहुतेक ठिकाणी दोघांचा प्रवेश धरलेला असतो. वर बँकेचं पत्र किंवा कार्डावर अडकवलेली रक्कम मागतात. आपल्याकडच्या बँकेच्या लिलावात इसार भरतो, त्यातलाच प्रकार. नाक खाजवलं आणि गाडी गळ्यात पडली, असं घडत नाही. नंबराचा फलक हातात नसेल तर तुमच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही.

आणखी एक खर्च लोक विसरतात. कॅटलॉग निपाणीच्या पत्त्यावर मागवू नका. वजन दीड-दोन किलोपर्यंत जातं आणि कुरिअरचा खर्च पुस्तकाच्या किमतीला भिडतो. वर इकडच्या कार्डानं डॉलरमध्ये पैसे भरले की बँक चलनबदलाचे दोन-साडेतीन टक्के लावते आणि त्यावर जीएसटी. भाच्याच्या कार्डानं भरा आणि ‘प्रवेशद्वारावर घेणार’ हा पर्याय निवडा. काही ठिकाणी दारावर प्रती संपतात, म्हणून पैसे मात्र आधी भरलेले बरे.

फक्त माहितीच हवी असेल तर एक पैसाही खर्च करू नका. सगळ्या मोठ्या घरांचे कॅटलॉग त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतात, छापील पुस्तकापेक्षा जास्त फोटोंसकट. लिलाव झाला की तिथंच निकालाचे आकडेही चढतात. शिवाय लिलावाच्या दिवशीपर्यंत जो कागद तिकीट असतो, तो दुसऱ्या दिवशी जुनं पुस्तक होतो आणि पुष्कळदा पाव किमतीला मिळतो. अपवाद एखाद्या मोठ्या संग्राहकाचा अख्खा संग्रह एकाच वेळी विकला गेला त्याचा कॅटलॉग. तो लोक जपून ठेवतात, कारण त्या गाड्या पुन्हा एकत्र दिसणार नाहीत.

आता घेतलाच तर वाचायचा कसा, ते सांगतो, कारण शंभर डॉलर वसूल होतात ते इथं. फोटो शेवटी बघा. पहिल्यांदा चासी नंबर आणि इंजिन नंबर. मग मजकुरात ‘मूळ इंजिन’ म्हटलंय की ‘योग्य प्रकारचं इंजिन’ म्हटलंय ते बघा. दुसऱ्या शब्दांचा अर्थ असा की इंजिन त्या मॉडेलचं आहे, पण याच गाडीचं नाही. लिहिणारी माणसं अनुभवी असतात. जे खरं आहे ते लिहितात आणि जे अडचणीचं आहे त्यावर गप्प बसतात. १९३८ ते १९५५ च्या मालकांची नावं दिली आणि पुढची वीस वर्षं एका वाक्यात उरकली, तर त्या वीस वर्षांबद्दल विचारा. ‘जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधलेली बॉडी’ असं दिसलं तर पत्रा नवा आहे हे समजून चाला.

मग अंदाजे किंमत, आणि ‘राखीव किंमत नाही’ हे शब्द आहेत का ते. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकणारा गाडी देत नाही तो आकडा, गुप्त असते, पण ती बहुधा अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर नसते. राखीव किंमत असेल तर तिथपर्यंत लिलावकर्ता विकणाऱ्याच्या वतीनं स्वतःच बोली चढवू शकतो. हे नियमांच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि कायदेशीर आहे. मंडपात दोन-तीनच हात दिसतात आणि आकडा मात्र पळतोय, असं वाटलं तर कारण हे असू शकतं.

आणि हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा आकडा वेगळा, बातमीतला आकडा वेगळा. ऑगस्ट २०१८ मध्ये माँटेरेला आरएम सदबीजनं १९६२ ची फेरारी २५० जीटीओ विकली. हातोडा ४ कोटी ४० लाख डॉलरवर पडला. बातमीत आले ४ कोटी ८४ लाख ५ हजार. मधले ४४ लाख ५ हजार म्हणजे खरेदीदाराची दलाली, पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के आणि उरलेल्यावर १०. ही दलाली घराघराप्रमाणं १० ते १५ टक्क्यांत असते. इंग्लंडात दलालीवर २० टक्के व्हॅटही लागतो. आपण निकालाच्या यादीतला आकडा गाडीची किंमत म्हणून सांगतो, पण विकणाऱ्याच्या हातात तो कधीच पडत नाही. त्याची स्वतःची दलाली कापली जाते ती आणखी वेगळी.

माझं मत विचाराल तर लिलावाची रात्र बघ्याला जरा फसवी असते. दर गाडीला दोन-तीन मिनिटं, मोठ्या पडद्यावर आकडे, निम्मी बोली फोनवरून. मजा येते, शिकायला थोडंच मिळतं. शिकायचं असेल तर मांडणीच्या पहिल्या दिवशी सकाळी दार उघडताच जा. गर्दी नसते आणि लिलावगृहाचे तज्ज्ञ गाड्यांजवळ मोकळे असतात. गाडीला हात लावू नका, दार उघडू नका; ‘बॉनेट उघडून दाखवता का’ म्हणून नम्रपणे विचारलं तर ते दाखवतात. गाडीची फाईल मागा. जुनी बिलं, नोंदणीची पुस्तकं, आधीच्या मालकांची पत्रं त्यात असतात. बोली न लावणाऱ्यालाही ती चाळू देतात, निदान मागायला हरकत नसते. मी दाराच्या आणि पत्र्याच्या फटी चारही बाजूंनी बघतो. एका बाजूची फट पेन्सिलीएवढी आणि दुसरीकडं नख शिरत नाही, तर गाडी कधीतरी ठोकलेली किंवा घाईत जुळवलेली आहे. वाकून खालचा भाग बघा. वरचा रंग आरशासारखा आणि खाली ताजं काळं डांबर फासलेलं, तर तिथं काय झाकलंय असा प्रश्न पडलाच पाहिजे. शेवटी प्रवेशदारावर चिकटवलेली कॅटलॉगची दुरुस्तीपत्रकं वाचा. कॅटलॉग छापून महिना झालेला असतो. त्यानंतर कळलेली गोष्ट, म्हणजे इंजिन नंबर जुळत नाही वगैरे, त्या कागदावर असते आणि कायद्यानं तीच खरी धरतात.

गाडी इकडं आणण्याबद्दल थोडक्यात. आयातीची परवानगी पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांपुरती होती. २०२५ मध्ये पन्नास वर्षं जुन्या गाड्यांना दार उघडलं. पण करांची बेरीज गाडीच्या किमतीपेक्षा मोठी होते, त्यावर जहाजभाडं, विमा आणि बंदरातला खर्च. पैसे बाहेर पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि दहा लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून घेते. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. वीस हजार डॉलरची गाडी आवडली म्हणून आणायची, हा हिशेब बसत नाही. बघून या, फोटो काढा.

इकडच्या लिलावांत प्रवेशाला पैसे लागत नाहीत हे खरं, पण फुकटात जे मिळतं तेही बघू. पूर्वी सरकारी खात्यांच्या जीप, अँबॅसडर लिलावात निघायच्या आणि आपली माणसं त्या घेऊन उभ्या करायची. आता केंद्रानं नियम बदलला. पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आणि ती मान्यताप्राप्त भंगार केंद्रातच तोडावी लागतात. तो झरा आटला. पोलीस ठाण्याच्या आवारातल्या बेवारस वाहनांच्या लिलावाच्या जाहिरातीत ‘फक्त भंगारासाठी’ हे शब्द शोधा. ते असतील तर ती गाडी कितीही चांगली दिसो, कागद होणार नाहीत. सुट्या भागांसाठी घ्यायची तर घ्या. लष्कराच्या डेपोंतून निघालेल्या जोंगा, म्हणजे जीपसारख्या लष्करी गाड्या, अजून हातोहात फिरतात. जबलपूरच्या कारखान्यात त्या १९९९ पर्यंत बनत होत्या. अशा गाडीबरोबर लिलावाची पावती आणि सुटकेचं पत्र मूळ प्रतीत नसेल तर विषय तिथंच संपवा. मुंबईची अ‍ॅस्टागुरू गेली काही वर्षं जुन्या गाड्यांचे ऑनलाइन लिलाव घेते. तिथं कॅटलॉग पडद्यावर फुकट बघता येतो, मात्र घेतली तर दलाली आणि दलालीवर १८ टक्के जीएसटी धरूनच बोलीचा आकडा ठरवा.

आपल्या भागातला खरा माल लिलावात येतच नाही. तो वाड्यांत, गुऱ्हाळांच्या मागं, तंबाखूच्या वखारीत ताडपत्रीखाली असतो आणि तोंडोतोंडी विकला जातो. तिथं कॅटलॉग लिहून देणारा कुणी नसतो, तो तुम्हालाच तयार करावा लागतो. ‘संस्थानची गाडी आहे ओ’ हे वाक्य जमखंडीपासून सावंतवाडीपर्यंत ऐकू येतं. गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत, कागदाचे द्यायचे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळं त्याआधीच्या गाडीची पहिली नोंद मुंबई राज्याची आणि पुढचा नंबर ‘एमवाय’नं सुरू होणारा, असा प्रवास दिसायला हवा. मधला दुवा तुटला असेल तर का तुटला ते विचारा. चोर्ल्याच्या घाटानं वर आलेल्या गाड्यांचं प्रकरण निराळं. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल होता आणि आयात सैल होती, म्हणून तिथं मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन अशा गाड्या दिसायच्या ज्या बेळगावात औषधालाही नव्हत्या. त्यांचे जुने कागद पोर्तुगीज भाषेत असतात. अशी फाईल पूर्ण असेल तर गाडीची किंमत वाढते, अपुरी असेल तर आरटीओत वर्ष जातं. कोल्हापूर किंवा गोव्याहून गाडी आणून इकडं ठेवायची असेल तर त्या आरटीओची एनओसी आधी, गाडी नंतर. आणि कर्नाटकचा कर किती बसेल ते बोली करण्यापूर्वीच एजंटाकडून लिहून घ्या. चासी नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. ‘एक आकडा पुसटलाय, चालतंय की’ म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करा.

आता तुमची फियाट. १९६७ ची, म्हणजे ती ११०० डिलाइट असणार, स्टिअरिंगलाच गिअर असलेली. परदेशातल्या कॅटलॉगमध्ये ही गाडी तुम्हाला दिसणार नाही आणि तिथल्या आकड्यांवरून हिची किंमतही काढता येणार नाही. इथं तिची किंमत मूळपणावर ठरते. म्हणून विकायची असो वा ठेवायची, आत्ताच डेंटिंग-पेंटिंगला टाकू नका. काचा, मीटर, हँडल, सीटचा सांगाडा, हबकॅप जागेवर आहेत का ते बघा आणि जशी आहे तशीच तिचे फोटो काढून ठेवा. इंजिनाची काळजी करू नका. लायनर, बुश, व्हॉल्व्ह गाइड हे सगळं उद्यमबागेत करून मिळतं. ओतकामापासून लेथपर्यंतची कारागिरी चालत जाण्याच्या अंतरावर असलेली गावं देशात थोडीच. पैसे खातो तो गंजलेला पत्रा. चाकाच्या कमानी आणि दाराखालचा भाग चुंबकानं तपासा. चुंबक धरत नाही तिथं पुट्टी आहे.

कागदाला दोन वाटा आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणं पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नूतनीकरणाला ५,०००. नव्यानं नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. अट एकच, पण जड: ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढंच. दुसरी वाट नेहमीच्या आरसी नूतनीकरणाची. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दर पाच वर्षांसाठी १०,००० रुपये पडतात, वर तपासणी, आणि मुदत उलटली असेल तर दंड. नुसत्या नोंदणी शुल्काचा दहा वर्षांचा हिशेब दोन्हीकडं सारखाच येतो. तेव्हा निर्णय वापरावर घ्या. संकेश्वरहून निपाणीला लग्नाला, गणपतीला गाडी काढायची हौस असेल तर नेहमीची नोंदणी ठेवा.

त्याआधी आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा. वडिलांच्या नावावर असेल तर वारसांच्या संमतीनं आधी तुमच्या नावावर करून घ्या. ‘एमवाय’ नंबर आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत दिसत नसेल तर जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी बुक आणि कराच्या पावत्या लागतात. अमेरिकेला निघण्याआधी एवढे कागद शोधून एका फाईलीत लावा आणि आरटीओत अर्ज देऊन टाका. या कामाला वेळ लागतो, आणि तुम्ही तिकडं असताना ते इकडं पुढं सरकू शकतं.